आई बेटावर निघाली

पोलादपूर
१६ जानेवारी २०२५

ती. सरितामावशी,

नमस्कार. पत्र पाहून दचकू नका. फोन केला तर आई शेजारच्या खोलीतून ऐकते. महाडला तुमच्याकडे आलो की तुम्ही चहा, पोहे, लाडू एकामागून एक पुढे करता, आणि मी विचारायला आलेलं लाडवासकट गिळून परत येतो. म्हणून हा कागद.

मावशी, आईला काय झालंय?

परवा संक्रांतीला तिने मैथिलीला चांगली साडी नेसून यायला सांगितलं, देवघरासमोर पाटावर बसवलं आणि कुळाचे चांदीचे टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख, सगळे देव तिच्या ओटीत घातले. म्हणाली, "आजपासून हे तुझे. नवरात्र, गौरी, सगळं तू बघायचं. मी आता यांना हात लावणार नाही." मैथिलीला वाटलं, सासूबाई थकल्या. मला मात्र तिथेच घाम फुटला. आमच्या आजीने अस्सेच देव आईच्या ओटीत घातले होते आणि पुढच्याच महिन्यात ती गेली. तिला आधी कळलं होतं. आमच्या घरात बाई देव सोपवते ती जाण्यापूर्वी, एरवी नाही.

त्यात मागे तुम्ही तिला महाडात रक्त तपासायला नेलंत, ते रिपोर्ट तिने मला दाखवले नाहीत. कपाट उपसून निम्म्या साड्या वाटून टाकल्या. आणि आता म्हणते, "सरिताबरोबर अंदमानला जाते, तिकडे मैत्रिणीचं लग्न आहे." या वयात कुठल्या मैत्रिणीचं लग्न? जी बाई पाचाडला जायचं तरी घरून पाण्याची बाटली आणि डबा घेऊन निघते, ती विमानात बसून बेटावर जाणार? आणि सोबतीला कोण, तर रिटायर्ड स्टाफ नर्स! मी साधं इलेक्ट्रिकचं दुकान चालवतो, पण दोन तारा जोडल्यावर काय होतं एवढं मला कळतं.

बाबांच्या वेळीही सगळे मला शेवटपर्यंत "काही नाही रे, ॲसिडिटी आहे" म्हणत होते. पुन्हा तसं करू नका. जे असेल ते मला सांगा.

तुमचा
शौनक

*

महाड
१९ जानेवारी

कालिंदे,

जयभीम, आणि सोबत पाठीत दोन धपाटे.

तुझ्या मुलाचं पत्र आलंय. त्याने तुला मारून टाकलंय. तू देव सुनेच्या ओटीत घातलेस, साड्या वाटल्यास, रिपोर्ट लपवलेस, आणि आता शेवटचा समुद्र बघायला नर्सला घेऊन निघालीस, असा त्याचा हिशोब आहे. पोराचं अक्षर थरथरलंय गं.

आमच्याकडे देव्हारा नाही, म्हणून तू टाक मैथिलीला दिलेस हे सांगितलंस तेव्हा मी नुसतं "बरं" म्हटलं. त्याचा तुमच्या घरात हा अर्थ निघतो हे तुला तरी ठाऊक असायला हवं होतं की नको? आणि रिपोर्ट काय लपवायचे! साखर नॉर्मल, हिमोग्लोबिन माझ्यापेक्षा चांगलं. विमानात छातीत धडधडेल म्हणून तूच तपासून घेऊ म्हणालीस. ते त्याच्यासमोर ठेवायला काय हरकत होती?

तुला त्याच्या प्रश्नांची भीती वाटते, मला कळतं. पण लग्न तुझं, नवरा तुझा, आणि खोटं बोलायला मी? बँकेत हयातीचा दाखला द्यायच्या रांगेत हरी सर तुझ्या पुढे उभे होते. जिवंत असल्याचा पुरावा द्यायला गेलीस आणि दोन वर्षांत नवरा ठरवून बसलीस. मला तेव्हापासून आनंद आहे. सर सज्जन आहेत, विधुर आहेत, महाडात स्वतःचं घर आहे, त्यांची राजनंदिनी अंदमानात गेस्ट हाउस चालवते आणि हौसेने बापाचं लग्न तिकडे लावून देतेय. यात लाजण्यासारखं काय आहे ते मला एकदा सांग.

शौनकला मी काय लिहू ते लवकर कळव. आणि त्यापेक्षा, सरळ त्याला सांग.

तुझी
सरिता

*

पोलादपूर
२१ जानेवारी

प्रिय सरू,

त्याला असं वाटेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. सासूबाईंची गोष्ट मी विसरूनच गेले होते बघ.

देव का दिले, ते तुला सांगते. आमच्यात त्या घरच्या देवांची पूजा त्या घरच्या सुनेने करायची. मी आता दुसऱ्या घरची होणार. रोज सकाळी टाक ताम्हनात घेतले की हात इथे आणि मन महाडला, असं व्हायचं. ते मला जमेना. लग्न झाल्यावर पळून गेल्यासारखे देव तसेच टाकून जाण्यापेक्षा रीतसर सोपवावेत, एवढंच डोक्यात होतं.

तू म्हणतेस त्याला सांग. शौनक ओरडला असता तर सांगितलं असतं. तो ओरडत नाही, गप्प बसतो. दुकान उघडायच्या आधी तो रोज ह्यांच्या फोटोला एक फूल वाहतो. त्याच्यासमोर उभं राहून कुठल्या तोंडाने बोलू? तो नुसतं "बरं" म्हणून ताटावरून उठला तरी मी हरी सरांना नाही म्हणून मोकळी होईन, मला स्वतःची खात्री आहे. आणि मला नाही म्हणायचं नाहीये गं. साठी उलटल्यावर पहिल्यांदा मला स्वतःसाठी काहीतरी हवंय, आणि ते इतकं हवंय की माझी मलाच भीती वाटते.

म्हणून लग्न लागलं की तिथूनच सांगीन. तोवर तू फक्त माझी तब्येत ठणठणीत आहे असं लिही. ते खोटं नाही. बाकीचं बोलणार नाहीस असा तू मला शब्द दिला आहेस.

कालिंदी

*

महाड
२३ जानेवारी

चि. शौनक,

तुझी आई ठणठणीत आहे. रिपोर्ट मी स्वतः पाहिलेत, सगळे नॉर्मल. उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

तिच्या मनात एक गोष्ट आहे, हे मी नाकारत नाही. पण मी तिला शब्द दिलाय, तेव्हा ती माझ्या तोंडून निघणार नाही. तू तिच्याजवळ बस, प्रेमाने विचार. आणि जेवत जा नीट.

सरितामावशी

*

पोलादपूर
२७ जानेवारी

ती. मावशी,

तुमचं पत्र मिळालं आणि होता नव्हता तो धीरही गेला. "शब्द दिलाय" म्हणजे काय ते मला कळतं. पेशंटच्या घरच्यांशी नर्स असंच बोलते. तुमचा नाइलाज आहे, मी तुम्हाला दोष देत नाही.

आईला विचारायचं धाडस माझ्याच्याने होत नाही. मी आणि मैथिलीने ठरवलंय, आपल्याला कळलंय असं तिला दाखवायचं नाही. फक्त तिला जे हवं ते करायचं. मी दुकान लवकर बंद करून तिच्याजवळ बसतो. पाय चेपतो. रविवारी तिला रायगडावर घेऊन गेलो, रोपवेने. ती म्हणे, "अरे, गुडघे दुखतील, पुढच्या वर्षी जाऊ." मी म्हटलं, "आई, आत्ता नाही तर कधी?" आणि लगेच पाठ फिरवून दरीकडे बघत राहिलो. येताना पाचाडला भाकरी-पिठलं खाल्लं. तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या. ही माणसं शेवटी शेवटी जेवतात म्हणे नीट.

काल तिला विचारलं, "आई, तुझी काही इच्छा आहे का?" ती म्हणाली, "मला एकदा त्या बेटावर जाऊ दे, बाकी काही नको." मी म्हटलं, "तुला जे हवं ते कर, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत." तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं, माझा हात धरून बसली. मग मी गोदामात जाऊन पंख्यांच्या खोक्यांमागे मनसोक्त रडून घेतलं.

महाडच्या काकांनाही सांगितलंय. ते येऊन भेटून गेले.

मावशी, तिथे तिला त्रास झाला तर एक क्षण थांबू नका, मला फोन करा. मी असेन तिथून निघेन.

शौनक

*

पोलादपूर
३० जानेवारी

सरू गं,

काय सांगू तुला! या घरात सगळ्यांना सगळं कळलंय.

तू सांगितलंस का? नसशील, तू शब्दाची पक्की आहेस. कुणीतरी बँकेत पाहिलं असेल, हरी सरांबरोबर. पण काय माणसं आहेत माझी! तोंडाने एक अक्षर नाही आणि प्रेम मात्र असं, की मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय. मैथिली रोज माझ्या आवडीचं करते, काल घावन, परवा वालाचं बिरडं. शौनकने मला नवी चप्पल आणली, उन्हाची टोपी आणली, पाय चेपून देतो. धाकटे भावोजी महाडहून मुद्दाम आले, माझा हात हातात घेऊन बसले आणि म्हणाले, "वहिनी, आमच्या घरात तुम्ही खूप केलंत. आता कशाची काळजी करू नका, शांत मनाने जा." भावोजींकडून हे शब्द! मी तर त्यांनाच सगळ्यांत जास्त घाबरत होते.

भांडीवाली काशीबाईसुद्धा पदराने डोळे पुसत म्हणाली, "बाय गो, तुमी नाय म्हंजी घर खायला उठंल. पण तिकडं सुखात ऱ्हावा." तिलाही माहीत!

आणि शौनक म्हणाला, "तुला जे हवं ते कर, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत." सरू, मी इतकी वर्षं त्याला वाढवलं आणि त्याला ओळखलं नाही. मला वाटत होतं तो गप्प बसेल. गप्पच बसला, पण कसा! आमच्या घरात अशा गोष्टी उघड बोलायची पद्धत नाही, म्हणून मीही काही बोलत नाही. पण छातीवरचा धोंडा उतरलाय. काल पहिल्यांदा दुपारी डोळा लागला.

हरी सरांना फोन करून सांगितलं. तेही रडले.

कालिंदी

*

महाड
२ फेब्रुवारी

शौनक,

निघायची घाई आहे, म्हणून थोडक्यात. तुझी आई तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त जगणार आहे. हे तुला नर्स सांगतेय, धीर द्यायला नाही, खरं म्हणून. तुझा विश्वास बसणार नाही, ठाऊक आहे. बेटावर पोचल्यावर मी तिला तुला पत्र लिहायला बसवीन. ते येईपर्यंत कुठल्याही काका-मामाला बोलावू नकोस, मेहेरबानी कर.

सरितामावशी

*

नील बेट, अंदमान
९ फेब्रुवारी

चि. शौनक,

तुला पोटभर आशीर्वाद.

सरिताने माझ्यापुढे कागद ठेवलाय आणि दार लावून घेतलंय. म्हणते, न बोलता कळलंय असं काही धरायचं नाही, लिहून दे. फोनवर मला बोलता आलं नसतं. इथे नेटवर्क बोटीच्या धक्क्यावरच येतं, राजनंदिनी आत्ता सकाळीच तिथे जाऊन या पानांचे फोटो तुला पाठवील.

बाळा, तू सगळं ओळखून न बोलता हो म्हणालास, ते मी जन्मात विसरणार नाही. तरी माझ्या तोंडून तुला सांगायला हवं होतं, ते आज सांगते. परवा सकाळी माझं आणि हरी सरांचं लग्न आहे. तुझ्या बाबांना मी विसरले नाही, विसरणारही नाही. त्यांच्याबरोबरचा संसार मी पुरा केला, आणि तू माझ्यासमोर उभा आहेस. पण तू दुकानात गेलास आणि मैथिली शाळेत शिकवायला गेली की मी दिवसभर घड्याळाशी बोलत बसायचे. सर आले आणि मला पुन्हा कुणाला काहीतरी सांगावंसं वाटू लागलं. एवढंच आहे, याहून मोठं काही नाही.

मला भीती होती तू मनातून दुखावशील. रायगडावर तू दरीकडे तोंड करून उभा होतास, तेव्हा मला कळलं की तुला किती जड जातंय. तरी तू माझा हात सोडला नाहीस.

इथे समुद्र आपल्या हरिहरेश्वरसारखा गढूळ नाही. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं तरी आपली नखं दिसतात. ओहोटीला दगडांमध्ये निळे मासे अडकतात, मी आणि सरिता तळवे बुडवून बसलो तर बोटांना येऊन टोचतात. सरिताने विमानात शेजारच्या माणसाचा हात धरून ठेवला आणि उतरल्यावर माझ्यावर ढकललं. नारळ मात्र आपल्याकडचे गोड.

तू इथे असायला हवा होतास, असं आता वाटतंय. बोलवायचं धैर्य झालं नाही, त्याची माफी कर.

तुझी
आई

*

पोलादपूर
९ फेब्रुवारी

ती. मावशी,

हे फक्त तुमच्यासाठी, म्हणून पानांचे फोटो तुमच्याच फोनवर पाठवतोय. आईच्या हाती लागू देऊ नका.

दुकानात गिऱ्हाईक होतं, कापडे गावचा धोंडूमामा पंपाची वायर मापून घेत होता. फोनवर पानं उतरायला लागली. पहिलं पान वाचलं, काही कळेना. पुन्हा वाचलं. मग "परवा सकाळी माझं आणि हरी सरांचं लग्न आहे" ही ओळ डोक्यात शिरली आणि मी हातातली वायर टाकून जिन्याखाली उभा राहून ओरडलो, "मैथिली! आई मरत नाहीये! आई लग्न करतेय!" ओरडलो आणि खाली बसून हमसाहमशी रडायला लागलो.

धोंडूमामा घाबरला. म्हणाला, "काय झाला रे?" मी सांगितलं. त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "मंग बरा झाला की! लगीन हाय, मयत नाय. रडतोस कशाला? वायर दे माझी." मैथिली धावत खाली आली ती पिठाच्या हातांनी, आणि तिला हसूच आवरेना. मला पण मग हसू फुटलं. आम्ही दोघं काउंटरमागे बसून वेड्यासारखे हसत होतो आणि रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. दुपारपर्यंत नाक्यावर सगळ्यांना कळलं. काकांना फोन केला, तर ते तासभर "म्हणजे बरी आहे ना? म्हणजे बरी आहे?" एवढंच म्हणत होते.

संध्याकाळी बाबांच्या फोटोसमोर बसलो तेव्हा मात्र वाईट वाटलं, लपवत नाही. आईचा रागही आला. तिला माझी इतकी भीती वाटावी? मी काय राक्षस आहे? मग माझं मलाच कळलं, की तिने संक्रांतीला सांगितलं असतं तर मी खरंच "बरं" म्हणून उठून गेलो असतो. आठवडाभर बोललो नसतो. आणि तिने लग्न मोडलं असतं. आई मला बरोबर ओळखून होती.

हरी सरांनी मला महाडला अकरावीत फिजिक्स शिकवलं. त्यांच्याच शिकवणीवर माझं दुकान चालतं. माणूस चांगला आहे. दुसरा कुणी असता तर एवढं म्हणायलाही मला महिना लागला असता.

पण मावशी, एक सांगतो. आईला वाटतंय की मी सगळं ओळखून तिला हो म्हटलं. मी काहीच ओळखलं नव्हतं. मी एका मरणाऱ्या बाईला हो म्हणत होतो. तिने ते हो आपलं समजून बांधून घेतलं आणि समुद्रापलीकडे नेलं. आता ते परत कसं मागू? तिला कधीच कळू द्यायचं नाही. मी ओळखलं होतं, असंच राहू दे. तुम्ही शब्दाच्या पक्क्या आहात, हा अजून एक शब्द द्या.

तिकिटं पाहिली. परवापर्यंत कुठल्याही मार्गाने पोचता येत नाही. आईला वेगळं पाठवतोय, दोनच ओळी.

शौनक

*

नील बेट
११ फेब्रुवारी

शौनक,

दिला शब्द. तुमच्या घराला शब्द देता देता माझी आता पोतडी भरली, यापुढे कुणी मागू नये.

लागलं बाबा लग्न. मुहूर्त राजनंदिनीने भरतीचं वेळापत्रक बघून काढला. पाणी चढलं की मांडव वाहून जाईल म्हणून गुरुजींना सारखी घाई. ते पोर्ट ब्लेअरहून आणलेले, तेलुगू. मंत्र तेच, पण चाल अशी की सरांना कुठे "सावधान" आलं ते समजेना. आंतरपाट आणायला सगळे विसरले. शेवटी माझी पांढरी साडी धरली. आमच्यात लग्नाला पांढरी नेसतात म्हणून मी दोन आणल्या होत्या, एक तुमच्या आंतरपाटाच्या कामी आली. मंगलाष्टका मला येत नाहीत, म्हणून अक्षता टाकायचं काम मी घेतलं आणि अगदी नेम धरून केलं. शेवटी न राहवून आमच्या रीतीने तीनदा "साधू" म्हटलं. गुरुजींनीही मान डोलावली.

तुझ्या दोन ओळी काल संध्याकाळी आल्या. "आई, कुठली साडी नेसणार ते कळव. फोटो पाठव. सरांना नमस्कार." तिने त्या धक्क्यावरच उभ्या उभ्या वाचल्या. मग बोट सुटेपर्यंत वाचत राहिली, जणू पाच पानांचं पत्र आहे. आज नटून बसली होती तेव्हा मला म्हणते, "सरू, माझ्या पोराला न सांगता कळतं." मी म्हटलं, "हो गं, हुशार आहे." आणि बाहेर जाऊन हसू की रडू असं झालं मला.

तू दुखावलास ते तिला सांगणार नाही. पण मला सांगितलंस ते बरं केलंस. ती वेळेवर जेवतेय, गाढ झोपतेय, आणि काल चक्क गुडघाभर पाण्यात ओरडत होती. तब्येतीचा रिपोर्ट एवढाच.

पुढच्या आठवड्यात येतो.

सरितामावशी

*

पोलादपूर
२० फेब्रुवारी

ती. हरी सर,

नमस्कार. तुम्ही महाडला सुखरूप पोचलात हे आईने फोनवर सांगितलं. तुम्हाला काय म्हणायचं यावर मी आणि मैथिलीने बराच विचार केला. सरच जमेल. अकरावीपासून तोंडात बसलंय.

फोटो पाहिले. आई हसतेय. मी तिला असं हसताना लहानपणी पाहिलं असेल, नीट आठवत नाही. तुमचे आभार मानायचे की काय करायचं मला समजत नाही, म्हणून कामाचं लिहितो.

आई दुखणं लपवते. ताप आला की जास्त काम काढते. कंबर दुखत असली की भांडी आपटते. "मला काय धाड भरलीय" म्हणाली की समजा, दोन दिवसांपासून अंगावर काढतेय. चहा अर्धा टाकला तर विचारा. विचारल्यावर चिडली तर नक्कीच काहीतरी आहे. डॉक्टरकडे "तुला नाही, मलाच दाखवायचंय" असं सांगून न्या, म्हणजे येते. आणि काही झालं तर, कितीही लहान असलं तरी, मला लपवू नका. ती नको म्हणाली तरी कळवा. हे एक मला तुमच्याकडून हवं आहे. आतापर्यंत ही काळजी माझ्या एकट्याची होती, आता निम्मी तुमची.

अजून एक गोष्ट तुमच्यापाशी ठेवतो, कारण तिच्या घरात कुणालातरी खरं माहीत असावं. आई म्हणते मी आधीच सगळं ओळखलं होतं. नव्हतं. मला वाटत होतं ती आजारी आहे आणि जाणार आहे. तिला हे सांगू नका. ती माझं कौतुक करायला लागली की गप्प बसून ऐका, मीही तेच करतो.

त्या दिवसांत मी दुकानात बसून गिऱ्हाइकाला सुटे पैसे देता देता एकच मागत असायचो. आई कुठेही असू दे, माझ्याजवळ नसली तरी चालेल, फक्त असू दे. आता ती महाडला आहे. इथून दर अर्ध्या तासाला गाडी सुटते.

तुमचा
शौनक